चैत्रातली सुट्टी

ओकादा-सान प्रश्न विचारण्याआधी टोपी काढायचे. प्रश्न कितीही साधा असो. स्टेशनवर पुढची गाडी किती वाजता, हे विचारायचं असलं तरी आधी टोपी हातात यायची, मान किंचित वाकायची आणि मग प्रश्न. उत्तर मिळालं की ते वहीत उतरवून घ्यायचे, पेन्सिलीने, बारीक आणि उभ्या ओळींत. उत्तराच्या शेवटी सांगणाऱ्याचं नाव, वय आणि गाव. "नाव नसलं तर ती अफवा," असं ते म्हणायचे. जपानातल्या सेतोच्या अंतर्समुद्राकाठची शे-दोनशे माणसं त्यांच्या वह्यांमध्ये अशी नाव-गावासकट बसलेली होती. कोळीण, लोहार, देवळाचा पुजारी, बोटीवरचा आचारी. त्यांत एक मीही आहे. दामले, वय सव्वीस, गाव पेण, भारत. माझ्या नावावर तिथे जे लिहिलेलं आहे ते जवळपास सगळं खोटं आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी क्योतोला डॉक्टरेट करायला गेलो. विषय मोठा भारदस्त होता. अठराव्या शतकात युरोपात ज्ञानोदयाचं युग चाललेलं असताना आशियातले किनारे काय करत होते? आमच्या सेन्सेईंचं, म्हणजे प्राध्यापकांचं, म्हणणं असं की, नवा काळ फक्त पॅरिसच्या दिवाणखान्यांतून आला नाही. त्याच सुमारास इकडचे लोकही समुद्राला बांध घालून जमीन काढत होते, दूरच्या बाजारासाठी माल पिकवत होते, आपापसांत करार करत होते. त्यांनी मला सेतोचं मीठ आणि कोकणचं मीठ यांची तुलना करायला दिली. मी पेणचा, एवढ्यावर. आता खरं सांगायचं तर मिठागर मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. वडील शाळेत हेडक्लार्क, आई पोस्टात. मिठाचे पांढरे ढीग दिसले की गाव जवळ आलं, बॅग काढायची, इतकाच माझा मिठाशी संबंध. पण स्कॉलरशिपच्या अर्जात काहीतरी लिहावं लागतंच.

त्यात परदेशी गेल्यावर एक रोग जडतो. तिथे तुम्ही भारतातल्या एकूण एक गोष्टीचे जाणकार होता. घरमालकीण हत्तींबद्दल विचारायची, सायकलवाला योगासनांबद्दल, वर्गातली पोरं जातींबद्दल. मी सगळ्यांना उत्तरं द्यायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक "हेऽऽ" करून माना डोलवायचे आणि मला बरं वाटायचं. 'माहीत नाही' हे दोन शब्द मी त्या देशात पाय ठेवला त्या दिवशीच विमानतळावर सोडून आलो होतो.

सेन्सेईंनी मला ओकादा-सानांकडे पाठवलं. क्योतोहून दोन गाड्या बदलून त्यांचं गाव. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ते निवृत्त झालेले. वडील आणि आजोबा मिठागरावरचे मजूर. स्टेशनबाहेर ते दोन सायकली घेऊन उभे होते, एक त्यांची आणि दुसरी त्यांच्या पत्नीची, मिचिको-सानांची, पुढे भाजीची टोपली असलेली. टोपलीत एक उशी होती. "बूड दुखलं तर," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. दामले हे नाव त्यांच्या जिभेवर 'दामुरे' व्हायचं.

मिठागर दाखवतो म्हणाले आणि मला घेऊन गेले एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. तिथलं मीठ वीस वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. कारखान्यात मीठ होऊ लागल्यावर सरकारने सगळी मिठागरं मोडीत काढली. मग तिथे दुकानं आली, जुन्या गाड्यांचा बाजार आला, गोल्फचे चेंडू मारायची जाळी लागली. ओकादा-सानांना त्यातलं काही दिसतच नसे. दोन मोटारींच्या मधोमध ते उभे राहिले आणि म्हणाले, "इथे दार होतं. भरती आली की उघडायचं. पाणी इथून आत यायचं, असं." ते पाण्याच्या वाटेने चालू लागले. मी मागून. वाळू कुठे पसरायचे, उन्हात वाळवायचे, लांब दाताळ्याने कशी ओढायचे, ती धुऊन खारं पाणी कसं काढायचे आणि उकळायचे कुठे, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. हातात दाताळं नव्हतं, पण खांदे बरोबर हलत होते. एका बाईंनी गाडी मागे घेताना हॉर्न वाजवला. ओकादा-सानांनी टोपी काढून त्यांची माफी मागितली आणि त्यांनाच विचारलं, "तुमचे आजोबा भट्टीवर होते ना?" बाई म्हणाल्या, असतील. त्यांचंही नाव वहीत गेलं.

अठराव्या शतकाबद्दल ते काल-परवाची गोष्ट सांगावी तसं बोलायचे. "सरदाराने बांध घातला" म्हणताना त्यांच्या बोटाचा रोख खरोखर एका बांधाकडे असायचा. लाकूड संपत आलं तेव्हा लोकांनी कोळसा जाळायला सुरुवात केली, धुराने शेजारची गावं वैतागली, भांडणं झाली, हे ते असं सांगायचे की आपणही कुणाची तरी बाजू घ्यावी. सेन्सेईंचा 'ज्ञानोदय' हा शब्द त्यांना आवडायचा, पण त्यावर त्यांचा एक कायमचा सवाल होता. "फ्रान्समधली ती मोठी माणसं पुस्तकं लिहीत होती, तेव्हा त्यांच्या सूपमधलं मीठ कुठून येतं हे विचारायला कुणाला सुचलं होतं का?"

त्यांच्या सगळ्या अभ्यासाचा गाभा एकच होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितला. आम्ही बांधावर बसून मिचिको-सानांनी दिलेले भाताचे गोळे खात होतो. ते सांगत होते की, त्या काळात मीठ इतकं पिकू लागलं की भाव पडला. तेव्हा या समुद्राकाठच्या अनेक मुलखांतल्या मीठवाल्यांनी मिळून ठरवलं, हिवाळ्याचे काही महिने सगळ्यांनी आगरं बंद ठेवायची. ऊन कमी, सरपण जास्त, मीठ थोडं. मग कशाला राबायचं? कुणी राजाने हुकूम काढला नाही. एकमेकांना न ओळखणारी माणसं बसली, बोलली आणि थांबली. "जास्त करणं कुणालाही जमतं," ओकादा-सान म्हणाले. "मिळून थांबायला अक्कल लागते. खरा ज्ञानोदय तो."

हे त्यांनी गावच्या इतिहास मंडळात अनेकदा मांडलं होतं आणि मंडळातले लोक हसले होते. चार मीठवाल्यांनी भाव वाढवायला दुकान बंद ठेवलं, त्यात अक्कल कसली? ओकादा-सानांना वाटायचं, जगाच्या दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर त्याच काळात असंच काही घडलेलं सापडलं, तर हे लोक हसणार नाहीत.

मग त्यांनी हातातला भात डब्यात ठेवला, बोटं पुसली आणि टोपी काढली.

"दामुरे-सान, तुमच्या किनाऱ्यावर असं काही होतं का?"

त्या दिवशी त्यांनी मला वीसेक प्रश्न तरी विचारले होते. प्रत्येकाला मी 'असावं', 'बहुधा', 'थोडंफार' असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली होती. आता सत्तरीकडे झुकलेला माणूस टोपी काढून माझ्याकडे बघत होता. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

"हो," मी म्हणालो. "होतं. चैत्रात."

त्यांनी वही उघडली. किती दिवस? पंधरा. कधीपासून? पाडव्यापासून, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. कोण जाहीर करायचं? दवंडी पिटायचे. दवंडी पिटणाऱ्याला काय द्यायचे? नारळ. सगळी गावं पाळायची? सगळी. एखाद्याने नाही पाळलं तर? त्याच्याकडे कुणी जेवायला जायचं नाही. आणि त्या पंधरा दिवसांत बायका काय करायच्या?

"पापड," मी म्हणालो.

पापड म्हणजे काय, ते कसे लाटतात, कशावर वाळवतात, यावर आणखी अर्धं पान भरलं. जेवढं एक पापडाचं सांगितलं तेवढं खरं होतं. ओकादा-सानांचा चेहरा मी तोपर्यंत इतका फुललेला पाहिला नव्हता. ते उठले, समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "दोघांना एकमेकांचं माहीतही नव्हतं."

मला त्या क्षणी लाज वाटली का? नाही. मी खूश होतो. आपण एका म्हाताऱ्या माणसाला आनंद दिला, असं वाटत होतं. लाज नंतर आली, सावकाश, आणि मग जायचं नावच घेईना.

त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा त्यांच्याकडे जायचो. घरी जपानी माणूस सहसा कुणाला बोलवत नाही म्हणतात, पण ओकादा-सान मला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवायचे. तिथे एका फडताळात वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या मिठाच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्यांनी एकदा, फार संकोचाने, विचारलं की सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्या गावचं मूठभर मीठ आणाल का? मी गेलो. महिनाभर राहिलो. आईच्या हातचं जेवलो, मित्रांची लग्नं केली आणि मीठ साफ विसरलो. परत आल्यावर आठवलं. मग कोबेच्या भारतीय दुकानातून जाड्या मिठाची पिशवी घेतली, एका स्वच्छ बरणीत ओतली आणि घेऊन गेलो. ते मीठ बहुधा गुजरातचं होतं. ओकादा-सानांनी दोन खडे जिभेवर ठेवून डोळे मिटले. "तुमच्या समुद्राला गोडवा आहे," ते म्हणाले. मिचिको-सानांनाही चाखवलं. दोघं बराच वेळ त्या गोडव्याबद्दल बोलत होते आणि मी मान डोलवत होतो.

त्याच दिवशी निघताना ते म्हणाले, "मी एकदा तिकडे येऊन बघू का? मिचिको म्हणते, पासपोर्ट काढून टाका. अजून पाय चालतात."

हा माणूस पेणच्या बांधावर उभा राहून भेटेल त्याला टोपी काढून चैत्रातल्या सुट्टीबद्दल विचारणार, हे मला लख्ख दिसलं.

"कशाला उगाच त्रास?" मी म्हणालो. "तिकडे आता बघण्यासारखं काही राहिलं नाही. इथल्यासारखंच, सगळं गेलं. आणि जे काही आहे ते मी सांगतोच आहे की."

"तेही खरं," ते म्हणाले. "तुम्ही आहात."

मिठागरं तेव्हा तिकडे चालू होती. महिन्यापूर्वीच मी एसटीतून ते ढीग पाहिले होते.

त्या पहिल्या भेटीनंतर तीन वर्षांनी त्यांचं पुस्तक निघालं. पुस्तक म्हणजे इतिहास मंडळाने छापलेली दीडशे पानांची पुस्तिका. छापण्याआधी त्यांनी चैत्राचं प्रकरण मला तपासायला पाठवलं होतं. पाकिटात परतीचा पत्ता घातलेलं दुसरं पाकीट, तिकिटं लावून. ती माझी शेवटची संधी होती. दहा दिवस ते कागद टेबलावर होते. शेवटी मी 'पाडवा' या शब्दाचा उच्चार दुरुस्त केला, 'फार छान झालं आहे' असं लिहिलं आणि पाठवून दिले. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मात्र चैत्रातल्या सुट्टीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिथे सेन्सेई पुरावा मागतील हे मला ठाऊक होतं. म्हणजे मी भाबडेपणाने चुकलो, असंही म्हणायची सोय नाही. कुठे थाप चालेल आणि कुठे नाही, याचा हिशेब मला चोख कळत होता.

पुढच्या वर्षी क्योतोला परिषद भरली. सेन्सेईंनी मुद्दाम ओकादा-सानांना पंधरा मिनिटं बोलायला दिली. ते मुलीच्या लग्नात शिवलेला सूट घालून आले होते. कॉलर सैल झाली होती. पाहुणे परदेशी, म्हणून दुभाषा हवा होता. दुभाषा मी.

तेव्हा माझं खोटं मीच इंग्रजीत भाषांतर करून शंभर लोकांना ऐकवलं. ते चैत्रावर आले तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला. दवंडी, नारळ, पापड, सगळं आलं. 'दोघांना एकमेकांचं माहीतही नव्हतं' हे वाक्य आलं. मी ते शांतपणे इंग्रजीत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्नोत्तरांत दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. मुंबईहून आलेल्या नाईकबाई. आयुष्यभर त्यांनी कोकणातल्या खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींचे, आणि मिठागरांचे कागद वाचले होते. त्या इंग्रजीत बोलल्या, पण त्यामागचं मराठी मला ऐकू येत होतं. वक्त्यांचा विचार सुंदर आहे, त्या म्हणाल्या, पण एक अडचण आहे. कोकणात चैत्र-वैशाख म्हणजे मिठाचे ऐन सुगीचे दिवस. ऊन कडक, वारा कोरडा. पुढे चार महिने पाऊस आगरं बंद ठेवतो, त्याला ठराव लागत नाही. मग हाती असलेल्या चार दिवसांत मीठवाले आगर सोडून पापड लाटत बसतील कसे? असा करार मी एकाही कागदात पाहिला नाही. हे वक्त्यांना कुठे मिळालं?

सभागृहातून थोडं हसू आलं. ओकादा-सान माझ्याकडे बघत होते, भाषांतराची वाट पाहत. मी जमेल तितकं मऊ केलं, पण ते चाळीस वर्षं मुलांना शिकवलेले मास्तर होते. पाऊस, ऊन, सुगी हे तीन शब्द त्यांना पुरले. मी ते बोलत असतानाच त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गणित अडलेल्या मुलाच्या वहीकडे बघावं तसं, कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधत.

'सांगणाऱ्याचं नाव' हा त्यांचा नियम होता. पुस्तकाच्या त्या पानावर माझं नाव छापलेलं होतं. फक्त ते उच्चारायचं होतं.

ते वाकले, पार कमरेत. "दोष माझा आहे," ते म्हणाले. "स्वतः जाऊन न बघता लिहिलं. या बाईंचा मी आभारी आहे."

मी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला आणि इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतात, दोष त्यांचा आहे."

माझ्या तोंडून निघालेलं इतकं लाजिरवाणं वाक्य दुसरं नाही. ते भाषांतर म्हणून अगदी अचूक होतं.

चहाच्या वेळी नाईकबाईंनी मला गाठलं. "काय रे, तू पेणचा ना? मग हे असलं त्या बिचाऱ्यांच्या डोक्यात भरवलं कुणी?"

"कुठल्यातरी जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये वाचलं असेल त्यांनी," मी म्हणालो.

"छे! गॅझेटियरमध्ये असलं काही नाहीये." त्या बिस्कीट चहात बुडवत म्हणाल्या. "पण माणूस गोड आहे हं. आपल्याकडचा कुणी असता तर माझ्याशीच भांडला असता. त्यांना म्हणावं, या एकदा. मी स्वतः नेईन आगरावर. भरतीच्या पाण्याला उघाडीवरची दारं कशी सोडतात ते दाखवीन."

हा निरोप मी त्यांना दिला नाही. ओकादा-सान तेव्हा भिंतीजवळ एकटे उभे होते, हातात न प्यालेल्या चहाचा कप. माझ्यापासून फार तर दहा पावलांवर. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. संध्याकाळी सेन्सेई मला एवढंच म्हणाले, "ओकादा-सानांना पत्र लिहा." त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं. माझं नाव कुठल्या पानावर आहे हे त्यांना माहीत होतं. यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत आणि पुन्हा कुठल्या पाहुण्यासाठी त्यांनी मला दुभाषा केलं नाही.

मी पत्र लिहिलं नाही. रोज मनात मजकूर करायचो आणि रोज तो माझ्याच बाजूने झुकायचा. तीन आठवड्यांनी त्यांचंच पत्र आलं. पाकिटात तळहाताएवढी छापील पट्टी होती. जपानात पुस्तकात चूक निघाली की अशी दुरुस्तीची पट्टी छापतात आणि पानावर चिकटवतात. तिच्यावर लिहिलं होतं की, या प्रकरणातला भारताविषयीचा मजकूर लेखकाने खातरजमा न करता लिहिला असल्यामुळे मागे घेतला आहे. पट्टी नेमक्या मापाने कापलेली होती. पानावर लावून पाहिली, तर खालची माझ्या नावाची ओळ तिच्याखाली बरोबर झाकली जात होती. सोबत चार ओळींचं पत्र. 'माझ्या हलगर्जीपणामुळे तुमचं नाव चुकीच्या मजकुराशी जोडलं गेलं. तुमच्या पुढच्या वाटचालीत याने अडथळा येऊ नये, एवढीच प्रार्थना. अत्यंत शरमिंदा आहे. ओकादा.'

शरमिंदा ते होते!

दुसऱ्या दिवशी मी क्योतोच्या स्टेशनवर मिठाईचा खोका घेतला, तिकडे माफी मागायला जाताना नेतात तसला, आणि त्यांच्या गावी गेलो. घरी मिचिको-सान एकट्याच होत्या. ते नाहीत, म्हणाल्या. सायकल घेऊन पट्ट्या चिकटवायला गेलेत. ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं त्या सगळ्यांच्या घरी ते स्वतः जात होते. रोज पाच-सहा घरं. "गेल्या हिवाळ्यापासून गुडघे गेलेत त्यांचे. पोस्टाने पाठवा म्हटलं, तर म्हणाले, चूक आपण हाताने दिली, दुरुस्तीही हातानेच द्यायची." मग खोका घेताना त्या म्हणाल्या, "तुमच्या देशाला जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट तसाच पडलाय. मुदत संपत आली त्याची. आता डॉक्टर विमानाला नको म्हणतात."

ते मला तोफूवाल्या आजीच्या दारात सापडले. आजी त्यांच्यावर चिडलेली होती. "सेन्सेई, ते पुस्तक मी उघडलंसुद्धा नाही! लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलंय."

"तरीही," ओकादा-सान म्हणाले.

आजीने पुस्तक आणलं. पुस्तकाला मुळ्याच्या लोणच्याचा वास येत होता. ओकादा-सानांनी पान उघडलं, गोंदाची बाटली काढली, पट्टी लावली, रुमालाने दाबली आणि दोन्ही हातांनी पुस्तक परत देऊन वाकले. वाकताना गुडघा धरला. मग त्यांना मी दिसलो. ते आनंदाने हसले. "दामुरे-सान! इतक्या लांब आलात!"

पुढच्या दोन घरी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी मला सायकलही धरू दिली नाही. दोन्ही घरी ते तेच बोलले, तसेच वाकले, आणि मी मागे उभा राहून वाकलो. लोकांना वाटलं असेल, काय हा परदेशी विद्यार्थी, गुरूच्या चुकीसाठी सोबत वाकतोय! एका बाईंनी माझं कौतुकही केलं.

दुसऱ्या घराबाहेर मी थांबलो आणि सांगून टाकलं. सगळं. चैत्र, दवंडी, नारळ. मिठाची बरणी कोबेची होती, हेही. तिकडे आगरं अजून चालू आहेत, हेही. आणि मुंबईच्या बाईंनी तुम्हाला बोलावलं होतं, तो निरोप मी दाबून ठेवला, हेही. माझं जपानी त्या दिवशी फार वाईट झालं होतं. आदरार्थी क्रियापदं सापडत नव्हती.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मध्ये एकदाही 'हं' म्हणाले नाहीत. एरवी दर वाक्याला हुंकार देणारा जपानी माणूस असा नुसता ऐकताना मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांनी विचारलं, "खरं काय आहे मग? चैत्रात तिथली माणसं काय करतात? सकाळी किती वाजता उतरतात आगरात?"

चार वर्षं झाली होती. त्या काळात मी दोनदा घरी जाऊन आलो होतो. आमच्या घरापासून आगर सायकलवर वीस मिनिटं. एकदा जाऊन कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रस्त्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

"हे तेव्हा म्हणाला असतात," ते हळू आवाजात म्हणाले, "तर मी आलो असतो."

मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. मला काय हवं होतं कोण जाणे. त्यांनी ओरडावं, किंवा खांद्यावर हात ठेवावा. त्यांनी दोन्ही केलं नाही. मी मान वर केली तेव्हा ते खिशातल्या यादीवर पेन्सिलीने दोन घरांवर खुणा करत होते. "शाळेचं वाचनालय साडेचारला बंद होतं," ते म्हणाले. "तिथे सहा प्रती आहेत. मुलं वाचतात त्या." माझी गाडी कुठली, ती चुकणार नाही ना, एवढं विचारून ते सायकलवर बसले आणि निघाले.

शाळा पुलापलीकडे होती. पुलाच्या चढावर त्यांना पेडल मारवेना. ते उतरले, एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्याने गुडघा दाबत चालू लागले. थोडं चालायचे, थांबायचे. मी होतो तिथून पूल लांब नव्हता. धावत गेलो असतो तर चढ संपायच्या आत पोचलो असतो आणि सायकल हातात घेता आली असती. मी रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिलो आणि ते पलीकडे उतरून दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो.